दोन टक्केवाऱ्यांमधून खात्रीने काय म्हणता येते?

२०११ च्या जनगणनेतील घरयादीचे आकडे मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतील दोन आकड्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. भारतातील ६३.२ टक्के कुटुंबांकडे फोन होता आणि ४६.९ टक्के कुटुंबांच्या घरात किंवा आवारात शौचालय होते. देशात शौचालये असलेल्या घरांपेक्षा फोन असलेली घरे जास्त आहेत, ही बातमी त्यातून झाली आणि ती बरोबरच होती. मात्र असे आकडे शेजारीशेजारी पाहिले की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. पहिली अशी की, निम्म्या देशाच्या हातात फोन आहे पण घरात शौचालय नाही. दुसरी प्रतिक्रिया संख्याशास्त्राची थोडी भीती असलेल्या माणसाची असते. कोणत्या घरात काय आहे हे ठाऊक नसताना दोन्ही गोष्टींविषयी एकत्र काहीच सांगता येणार नाही, असे तो म्हणतो. पहिले विधान आकड्यांत नसलेले सांगते, तर दुसरे आकड्यांत असलेले सोडून देते. या दोन टक्केवाऱ्यांवरून, इतर कोणतेही गृहीतक न धरता, फोन असूनही शौचालय नसलेल्या कुटुंबांचे प्रमाण किमान १६.३ टक्के आणि कमाल ५३.१ टक्के होते, असे सांगता येते. हे दोन आकडे कसे काढायचे, त्यांतील अंतर केव्हा कमी करता येते आणि हा हिशेब कोठे लावू नये, ते पुढे मांडले आहे.

मूळ हिशेब

शंभर घरांची एक ओळ आहे अशी कल्पना करा. डावीकडून सुरुवात करून ६३.२ घरांवर ‘फोन आहे’ अशी खूण करा. (घराचा दशांश कसा, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू.) शौचालय नसलेली घरे १०० वजा ४६.९ म्हणजे ५३.१ आहेत. त्यांची खूण उजव्या टोकापासून करत या. दोन्ही खुणा एकमेकींपासून शक्य तितक्या दूर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तरीही ६३.२ व ५३.१ यांची बेरीज ११६.३ होते, पण घरे मात्र शंभरच आहेत. त्यामुळे १६.३ घरांवर दोन्ही खुणा पडल्यावाचून गत्यंतर नाही. हे झाले किमान प्रमाण. आता दोन्ही खुणा डावीकडूनच करा, म्हणजे त्या एकमेकींवर जास्तीत जास्त पडतील. लहान गट ५३.१ चा असल्यामुळे एकत्र येण्याचे प्रमाण त्यापलीकडे जाऊ शकत नाही. हे झाले कमाल.

नियम शब्दांत सांगायचा तर असा: दोन टक्केवाऱ्यांची बेरीज करून तीतून शंभर वजा केले असता उरते ती दोन्ही गुण असलेल्यांची किमान टक्केवारी असते. वजाबाकी ऋण आली तर किमान शून्य धरावे. दोन टक्केवाऱ्यांपैकी जी लहान असेल ती कमाल.

देशात त्या वेळी २४.६७ कोटी कुटुंबे होती. त्यांचे १६.३ टक्के म्हणजे सुमारे ४ कोटी २ लाख कुटुंबे. इतक्या कुटुंबांकडे फोन होता पण शौचालय नव्हते, हे एकाही घरात न डोकावता सांगता येते. हाच आकडा ६३.२ मधून ४६.९ वजा करूनही मिळतो आणि त्याचे कारण सोपे आहे. शौचालय असलेल्या प्रत्येक घरात फोन होता असे मानले, तरी शौचालयांच्या संख्येपेक्षा जास्त असलेले फोन कोठेतरी असलेच पाहिजेत, आणि शौचालय असलेली घरे संपल्यावर ते फक्त शौचालय नसलेल्या घरांतच असू शकतात.

उलट्या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके समाधानकारक नाही. शौचालय आहे पण फोन नाही अशी कुटुंबे किमान किती? ४६.९ आणि फोन नसलेली ३६.८ यांची बेरीज ८३.७ होते. ती शंभराच्या आत असल्यामुळे किमान शून्य येते. अशी कुटुंबे नव्हतीच, असा याचा अर्थ नाही. ती होतीच असे केवळ या दोन आकड्यांच्या आधारे म्हणता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. किमान शून्य आणि कमाल ३६.८ हेही एक खात्रीचे उत्तर आहे, फक्त त्याची बातमी होत नाही.

नियम पाठ करण्यापेक्षा चार चौकटी मांडणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण त्यात चूक लपत नाही. फोन आहे पण शौचालय नाही अशा घरांच्या टक्केवारीला ‘क्ष’ म्हणा. मग दोन्ही असलेली घरे ६३.२ वजा क्ष, दोन्ही नसलेली घरे ५३.१ वजा क्ष, आणि केवळ शौचालय असलेली घरे क्ष वजा १६.३ इतकी होतात. कोणतीही चौकट शून्याखाली जाऊ शकत नाही, या एका अटीतून क्ष हा १६.३ आणि ५३.१ यांच्यामध्ये अडकतो. क्षची कोणतीही एक किंमत धरा, बाकीच्या तिन्ही चौकटी आपोआप भरतात. म्हणून अशा कोड्यात माहितीची उणीव एकाच आकड्याची असते. तो एक आकडा कोणी दिला तर सर्वच कळते, आणि दिला नाही तर मर्यादांवर समाधान मानावे लागते.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे, तो म्हणजे दोन टक्केवाऱ्यांचा गुणाकार. ६३.२ टक्क्यांचे ५३.१ टक्के काढले की ३३.६ येतात, आणि एकच नेमका आकडा मिळाल्याचे समाधान वाटते. पण शौचालय असणे आणि फोन असणे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, असे त्यात न सांगता गृहीत धरलेले असते. दोन्ही गोष्टी कुटुंबाच्या उत्पन्नाशी आणि वस्तीच्या ठिकाणाशी जोडलेल्या असताना हे गृहीतक टिकण्याची शक्यता कमीच. ३३.६ हा आकडा मर्यादांच्या आत असल्यामुळे तो अशक्य नाही, परंतु जे केवळ शक्य आहे त्याला निष्कर्ष म्हणता येत नाही.

हा हिशेब नवा नाही. १८०६ साली मदुराईत जन्मलेला इंग्रज तर्कशास्त्रज्ञ ऑगस्टस द मॉर्गन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले की, ‘एका समूहातील बहुतेक जणांत अमुक गुण आहे’ आणि ‘त्याच समूहातील बहुतेक जणांत तमुक गुण आहे’ या दोन विधानांवरून ‘काही जणांत दोन्ही गुण आहेत’ असे खात्रीने निघते. पारंपरिक तर्कशास्त्राला फक्त ‘सर्व’, ‘काही’ आणि ‘कोणीही नाही’ एवढेच शब्द ठाऊक होते. ‘बहुतेक’ या शब्दाला तेथे स्थान नव्हते. पुढे जॉर्ज बूलने १८५४ मध्ये आणि फ्रेंच गणिती मोरिस फ्रेशे याने १९३५ मध्ये याच मर्यादा संभाव्यतेच्या भाषेत मांडल्या.

छेद एकच आहे ना?

वरील हिशेब तिसरीतल्या मुलाला जमेल, पण तो कोणत्या आकड्यांना लावायचा हे ठरवताना जाणकारांचीही फसगत होते. प्रत्येक टक्केवारीला एक छेद असतो: ‘शंभरापैकी’ म्हणजे नेमके कोणापैकी? दोन टक्केवाऱ्यांचे छेद वेगळे असतील तर त्यांची बेरीज निरर्थक ठरते, मग पुढची वजाबाकी कितीही काटेकोर असो.

महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. २०११ मध्ये राज्याचा साक्षरता दर ८२.३४ टक्के होता आणि ४५.२२ टक्के लोक शहरी भागात राहत होते. बेरीज १२७.५६ होते, म्हणून किमान २७.५६ टक्के लोक शहरी आणि साक्षर होते, असे म्हणावेसे वाटते. परंतु जनगणनेत साक्षरता दर सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येवर काढला जातो, आणि शहरी लोकसंख्येचे प्रमाण तान्ह्या बाळांसह सर्व लोकसंख्येवर. छेद वेगळे असल्यामुळे हा निष्कर्ष टिकत नाही. तो वाचवायचा असेल तर शहरी लोकसंख्येचा सात वर्षांवरील भाग वेगळा काढावा लागेल, किंवा साक्षरांची प्रत्यक्ष संख्या घेऊन तिला एकूण लोकसंख्येने भागावे लागेल. घरयादीच्या आकड्यांत ही अडचण नाही. राज्यातील २.३८ कोटी कुटुंबांपैकी ८३.९ टक्के कुटुंबांकडे प्रकाशासाठी वीज होती आणि ५३.१ टक्के कुटुंबांच्या आवारात शौचालय होते. दोन्हींचा छेद एकच आहे. त्यामुळे वीज असूनही शौचालय नसलेली कुटुंबे राज्यात किमान ३०.८ टक्के, म्हणजे सुमारे ७३ लाख होती, असे निःशंकपणे म्हणता येते.

छेद जुळला तरी एकक कोणते आहे हे विसरू नये. घरयादीत ‘कुटुंब’ हे एकक आहे. फोन असलेले कुटुंब म्हणजे ज्यातील प्रत्येकाकडे फोन आहे असे कुटुंब नव्हे, आणि १६.३ टक्के कुटुंबे म्हणजे १६.३ टक्के माणसेही नव्हेत, कारण कुटुंबे लहानमोठी असतात. ‘निम्मा देश’ हा शब्दप्रयोग येथेच घसरतो.

व्यक्तींविषयी बोलायचे असेल तर व्यक्तींना विचारलेले प्रश्न हवेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ७८.६ टक्के स्त्रियांचे स्वतः वापरत असलेले बँक किंवा बचत खाते होते, आणि ५३.९ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेला मोबाइल होता. वयोगट एक, उत्तर देणारी एक, विषय तिच्याच मालकीचा. म्हणून किमान ३२.५ टक्के स्त्रियांकडे दोन्ही होते, आणि दुसऱ्या बाजूने किमान २४.७ टक्के स्त्रियांकडे खाते होते पण स्वतःचा मोबाइल नव्हता. खात्यात थेट रक्कम जमा करणाऱ्या योजना आखणाऱ्यांच्या दृष्टीने हा दुसरा आकडा मोलाचा आहे, कारण व्यवहाराचा संदेश किंवा पडताळणीचा क्रमांक या स्त्रियांना दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाहावा लागतो. एवढा उपयुक्त आकडा निव्वळ वजाबाकीने मिळत असताना तो इतका क्वचित मांडला जावा, याचे आश्चर्य वाटते.

छेद वेगळे असले तरी एक छेद दुसऱ्याच्या पोटात असेल, तर मात्र गुणाकार करणे पूर्णपणे योग्य असते. ग्रामीण कुटुंबे १६.७८ कोटी, म्हणजे एकूण कुटुंबांच्या ६८ टक्के होती, आणि ग्रामीण कुटुंबांपैकी ३०.७ टक्के कुटुंबांकडे शौचालय होते. येथे ३०.७ चा छेद ‘ग्रामीण कुटुंबे’ हाच असल्यामुळे ६८ चे ३०.७ टक्के, म्हणजे २०.९ टक्के कुटुंबे ग्रामीण आणि शौचालय असलेली होती, हे नेमके उत्तर आहे, मर्यादा नव्हे. त्यावरून उलट दिशेनेही जाता येते. शौचालय असलेल्या सर्व कुटुंबांपैकी सुमारे ४४.५ टक्के कुटुंबे ग्रामीण होती. ‘ग्रामीण कुटुंबांपैकी शौचालय असलेली’ आणि ‘शौचालय असलेल्यांपैकी ग्रामीण’ या दोन टक्केवाऱ्या वाचताना सारख्याच भासतात, पण पहिली ३०.७ आहे आणि दुसरी ४४.५.

शिवाय ‘नाही’ची टक्केवारी शंभरातून वजा करून काढताना, उरलेल्यांत नेमके कोण आहेत हे पाहिले पाहिजे. मतचाचणीत ५८ टक्के लोकांनी एखाद्या प्रस्तावाला ‘होय’ म्हटले असेल, तर ४२ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटले असे ठरत नाही. त्यांत ‘सांगता येत नाही’ म्हणणारे आणि उत्तरच न देणारे असतात. शौचालयाच्या आकड्यांतही हा भेद आहे. आवारात शौचालय नसलेल्या ५३.१ टक्क्यांपैकी ३.२ टक्के कुटुंबे सार्वजनिक शौचालय वापरत होती आणि ४९.८ टक्के उघड्यावर जात होती. (बेरीज ५३.० होते. दशांशाचा उरलेला फरक पूर्णांकनाचा आहे.) तेव्हा ‘फोन आहे पण उघड्यावर जावे लागते’ असे विधान करायचे असेल, तर ५३.१ ऐवजी ४९.८ घ्यावे लागते आणि किमान १६.३ वरून १३.० वर येते. शब्द बदलला की आकडाही बदलला पाहिजे.

सरळ बेरीज कधी चालते, याचे उदाहरण फोनच्या आकड्यातच आहे. ६३.२ हा आकडा तीन गटांचा मिळून झाला आहे: केवळ मोबाइल ५३.२, केवळ तारेचा दूरध्वनी ४.० आणि दोन्ही ६.०. एक कुटुंब एकाच गटात मोजले गेल्यामुळे यांची बेरीज निर्धोक आहे. मोबाइल असलेली कुटुंबे किती, असे विचारले तर ५३.२ आणि ६.० मिळून ५९.२ टक्के.

गट पाडून मर्यादा आवळणे

किमान १६.३ आणि कमाल ५३.१ यांतील अंतर बरेच मोठे आहे. ते कमी करण्याचा प्रामाणिक मार्ग एकच, तो म्हणजे अधिक माहिती. सुदैवाने बहुतेक मोठ्या पाहण्या आपले आकडे ग्रामीण-शहरी, स्त्री-पुरुष किंवा राज्यवार विभागून देतात. प्रत्येक गटात वरचाच हिशेब वेगळा करून मग बेरीज केली, तर मर्यादा कधी आहेत तशाच राहतात आणि कधी चांगल्याच आवळल्या जातात, पण सैल मात्र कधीच होत नाहीत.

ग्रामीण भागात ५४.३ टक्के कुटुंबांकडे फोन आणि ३०.७ टक्के कुटुंबांकडे शौचालय होते. शहरी भागातील ७.८९ कोटी कुटुंबांत हेच आकडे ८२.० आणि ८१.४ होते. फोन असून शौचालय नसलेली कुटुंबे ग्रामीण भागात जास्तीत जास्त ५४.३ टक्के (कारण फोनच तेवढे) आणि शहरी भागात जास्तीत जास्त १८.६ टक्के (कारण शौचालय नसलेली घरेच तेवढी). संख्येत हे अनुक्रमे सुमारे ९.११ कोटी आणि १.४७ कोटी, एकूण १०.५८ कोटी, म्हणजे सर्व कुटुंबांच्या ४२.९ टक्के होतात. कमाल मर्यादा ५३.१ वरून ४२.९ वर आली. ‘निम्म्या देशाकडे फोन आहे पण शौचालय नाही’ हे विधान आता नुसते निराधार उरत नाही, ते खोटे ठरते. किमान मर्यादा मात्र हलली नाही, कारण ग्रामीण आणि शहरी दोन्ही भागांत फोनचे पारडे शौचालयापेक्षा जडच होते.

पारडे एका गटात एकीकडे आणि दुसऱ्या गटात दुसरीकडे झुकते, तेव्हा या युक्तीचा खरा लाभ दिसतो. दूरचित्रवाणी संच ४७.२ टक्के कुटुंबांकडे होता. शौचालयाच्या ४६.९ टक्क्यांशी तुलना केली तर, संच आहे पण शौचालय नाही अशी कुटुंबे किमान ०.३ टक्के, म्हणजे सुमारे ७ लाख एवढेच निघते. उलट, शौचालय आहे पण संच नाही अशा कुटुंबांची किमान संख्या शून्य. आकडे इतके जवळ असले की मर्यादा जवळजवळ मुकी होते. आता गट पाडा. ग्रामीण भागात संच ३३.४ टक्के आणि शौचालय ३०.७ टक्के, म्हणून तेथे किमान २.७ टक्के, म्हणजे सुमारे ४५ लाख कुटुंबांकडे संच होता पण शौचालय नव्हते. शहरी भागात संच ७६.७ आणि शौचालय ८१.४ टक्के, म्हणून तेथे किमान ४.७ टक्के, म्हणजे सुमारे ३७ लाख कुटुंबांकडे शौचालय होते पण संच नव्हता. देशाच्या एकत्रित आकड्यात या दोन प्रवृत्तींनी एकमेकींना खोडून काढले होते. ७ लाखांचे ४५ लाख आणि शून्याचे ३७ लाख झाले, तेही एकही गृहीतक न वाढवता. राज्यवार तक्ते घेऊन प्रत्येक राज्याचे ग्रामीण व शहरी भाग वेगळे केले तर मर्यादा आणखी आवळता येतील. काम कंटाळवाणे आहे, पण संगणकाच्या तक्त्यात ते अर्ध्या तासाचे आहे.

तीन किंवा अधिक गुण

तीन टक्केवाऱ्या असतील तर बेरजेतून २०० वजा करायचे, चार असतील तर ३००. पण हे लक्षात ठेवण्यापेक्षा उणिवांची बेरीज करावी. एखाद्या कुटुंबाकडे तिन्हीच्या तिन्ही गोष्टी एकत्र नसतील, तर किमान एका गोष्टीची उणीव असणारच. म्हणून उणीव असलेल्या कुटुंबांची टक्केवारी सर्व उणिवांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. २०११ मध्ये शहरी भागात फोन ८२.०, बँक सेवा ६७.८ आणि वीज ९२.७ टक्के कुटुंबांकडे होती. उणिवा १८.०, ३२.२ आणि ७.३, बेरीज ५७.५. त्यामुळे तिन्ही असलेली शहरी कुटुंबे किमान ४२.५ टक्के. कमाल अर्थातच सर्वांत लहान आकडा, ६७.८.

संपूर्ण देशासाठी हेच आकडे ६३.२, ५८.७ आणि ६७.२ होते. उणिवांची बेरीज ११०.९ येते, शंभरापेक्षा जास्त, त्यामुळे तिन्ही असलेल्यांची किमान टक्केवारी शून्य. तिन्ही गोष्टी ‘बहुतेक’ कुटुंबांकडे असूनही, केवळ देशाच्या या तीन आकड्यांवरून एकाही कुटुंबाकडे तिन्ही असण्याची तर्कशुद्ध खात्री देता येत नाही! द मॉर्गनचा नियम दोन ‘बहुतेकां’पुरता आहे, तीन ‘बहुतेकां’ना तो लागू होत नाही, आणि लेखांमध्ये नेमकी हीच उडी वारंवार मारलेली दिसते. तथापि हातात काहीच उरत नाही असे नाही. तीन टक्केवाऱ्यांची बेरीज १८९.१ आहे, म्हणजे सरासरीने दर शंभर कुटुंबांमागे १८९.१ सोयी. प्रत्येक कुटुंबाला एकेक सोय दिली तर १०० संपतात आणि ८९.१ उरतात. एका कुटुंबात जास्तीत जास्त आणखी दोनच सोयी मावू शकत असल्यामुळे, किमान ४४.५ टक्के कुटुंबांकडे तिन्हींपैकी दोन तरी होत्याच.

एकापेक्षा अधिक पर्याय निवडण्याची मुभा असलेल्या प्रश्नांनाही हाच हिशेब लागू पडतो. ‘पुढीलपैकी जास्तीत जास्त तीन कारणे निवडा’ असा प्रश्न असेल आणि सर्व पर्यायांच्या टक्केवाऱ्यांची बेरीज १८० येत असेल, तर १८० वजा १०० भागिले २, म्हणजे किमान ४० टक्के लोकांनी एकापेक्षा अधिक पर्याय निवडले. पर्याय निवडण्यावर मर्यादा नसेल तर भाजक वाढतो आणि खात्री कमी होते. भाजक म्हणजे एकूण पर्यायांतून एक वजा केल्यावर येणारी संख्या.

‘खात्री’ कुठपर्यंत पोहोचते

छापील टक्केवारी एका दशांश स्थळापर्यंत पूर्ण केलेली असते. ६३.२ म्हणजे ६३.१५ ते ६३.२५ यांच्यामधील काहीही. दोन आकड्यांच्या बेरजेत हा फरक ०.१ पर्यंत जातो, म्हणून काटेकोरपणे लिहायचे तर १६.३ ऐवजी १६.२ लिहावे. दूरचित्रवाणीच्या ०.३ चे ०.२ होतात आणि तेथे हा फरक जाणवतो. टक्केवाऱ्या पूर्णांकांत दिलेल्या असतील तर दोघींच्या बेरजेत पूर्ण एका टक्क्याची तूट धरावी लागते.

याहून मोठा प्रश्न नमुन्याचा आहे. घरयादी ही सर्व कुटुंबांची मोजणी होती, त्यामुळे तेथील किमान आकडा थेट देशालाच लागू होतो. नमुना पाहणीत मात्र तर्काची खात्री फक्त पाहणीतील उत्तरदात्यांपुरती असते. हजार जणांच्या साध्या यादृच्छिक नमुन्यात निम्म्याच्या आसपासच्या टक्केवारीची त्रुटिमर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे आकडा खालीवर होण्याची मर्यादा, सुमारे तीन टक्के असते. दोन टक्केवाऱ्यांची बेरीज १०४ येत असेल, तर नमुन्यातील किमान ४ टक्के लोकांत दोन्ही गुण आहेत हे निश्चित, पण संपूर्ण लोकसंख्येविषयी ते निश्चित नाही, कारण दोन्ही आकडे तीन तीन टक्क्यांनी खाली असू शकतात आणि मग बेरीज ९८ होते. अशा वेळी दोन्ही आकडे त्रुटिमर्यादेच्या खालच्या टोकाला नेऊन हिशेब करावा. त्रुटिमर्यादा हीच मुळात पंचाण्णव टक्के भरवशाची असते, म्हणून अशा निष्कर्षाला ‘तर्काने निश्चित’ न म्हणता ‘बऱ्याच खात्रीचा’ म्हणावे. आणि लोकांनी खरी उत्तरे दिली की नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणतीही वजाबाकी देत नाही.

निष्कर्ष लिहिताना ‘किमान’ हा शब्द गाळू नये. संपादनात पहिली कात्री त्यावरच चालते, आणि ‘किमान १६ टक्के’चे ‘१६ टक्के’ झाले की खरे विधान बहुधा खोटे होते.

दोन वर्षांची तुलना

वेगवेगळ्या वर्षांच्या टक्केवाऱ्यांचा छेद कधीच एक नसतो, कारण लोकसंख्या बदललेली असते. २००१ मध्ये ३६.४ टक्के कुटुंबांकडे शौचालय होते आणि २०११ मध्ये ४६.९ टक्के. शौचालय नसलेल्यांचे प्रमाण ६३.६ वरून ५३.१ वर आले, म्हणून शौचालयाविना राहणारी कुटुंबे कमी झाली असे वाटते. पण कुटुंबांची संख्या त्याच दहा वर्षांत १९.२० कोटींवरून २४.६७ कोटींवर गेली होती. २००१ मध्ये शौचालय नसलेली कुटुंबे सुमारे १२.२१ कोटी होती, २०११ मध्ये सुमारे १३.१० कोटी. प्रमाण घटले आणि संख्या जवळजवळ ८९ लाखांनी वाढली. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि त्यांपैकी फक्त एकच सांगणाऱ्याला कोणी खोटारडा म्हणू शकणार नाही.

एकत्र येणाऱ्या गुणांची दोन वर्षांत तुलना करायची असेल, तर एका वर्षाची कमाल मर्यादा दुसऱ्या वर्षाच्या किमान मर्यादेसमोर ठेवावी. २००१ मध्ये फक्त ९.१ टक्के कुटुंबांकडे दूरध्वनी होता. त्या प्रत्येक कुटुंबाकडे शौचालय नव्हते असे अगदी टोकाचे मानले, तरी फोन असून शौचालय नसलेली कुटुंबे १ कोटी ७५ लाखांपेक्षा जास्त असू शकत नव्हती. २०११ मध्ये अशी कुटुंबे ४ कोटी २ लाखांपेक्षा कमी असू शकत नव्हती. म्हणजे दोन्ही वर्षी प्रत्यक्षात काय परिस्थिती होती हे न कळताही, अशा कुटुंबांची संख्या दुपटीहून जास्त झाली आणि वाढ किमान २ कोटी २७ लाखांची होती, हे सिद्ध होते. ही तीच जुनी कुटुंबे होती की नव्याने विभक्त झालेली, हे मात्र यातून कळत नाही. ते शोधायला त्याच कुटुंबांकडे दहा वर्षांनी पुन्हा जाणारी पाहणी लागते, आणि जनगणना ती नव्हे.